पगार किती, खोली केवढी: गिरणगावातल्या घरभाड्याचा हिशोब

या भागाचं हे लिखित रूप. ट्रेनमध्ये कानात इअरफोन घालून ऐकताना आकडे निसटतात अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली होती, म्हणून यावेळी आकडे जरा सावकाश, नीट मांडून देतोय.

विषय सुचला तो एका मेसेजवरून. लालबागला राहणारी एक मुलगी, वय 29, हातात येणारा पगार 80 हजार. आईबाबा पगडीच्या खोलीत. तिचा प्रश्न एका ओळीचा: "दादा, माझ्या पगारात मी किती रुपयांचं घर घेऊ शकते?" इंटरनेटवर याचं उत्तर दोन सेकंदांत मिळतं. पगाराच्या 30 टक्के घरावर, संपला विषय. पण हे 30 टक्के आले कुठून? ते अमेरिकेतून आले. तिथे सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब भाडेकरूंकडून जास्तीत जास्त किती भाडं घ्यायचं, याची मर्यादा 1969 मध्ये उत्पन्नाच्या 25 टक्के ठरली आणि 1981 मध्ये ती 30 वर नेली. म्हणजे सरकारने एका योजनेसाठी ठरवलेला आकडा, आणि आपण तो परळच्या फ्लॅटला लावतोय!

आपल्याकडे हा हिशोब त्याच्याही खूप आधी, आणि तोही याच गल्ल्यांमध्ये, कुणीतरी करून ठेवलाय. तिथूनच सुरुवात करू.

1921 साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस सुरू केलं. त्या ऑफिसने पहिलं मोठं काम काय केलं, तर कामगारांच्या घरखर्चाची पाहणी. परळ, लालबाग, भायखळा, वरळी अशा भागांतल्या चाळींमध्ये फिरून जवळपास अडीच हजार कुटुंबांचा जमाखर्च लिहून घेतला. तांदूळ किती, रॉकेल किती, कापड किती, भाडं किती. 1923 मध्ये त्याचा अहवाल छापून आला. त्यात एका सरासरी कुटुंबाची महिन्याची कमाई होती साधारण 52 रुपये. त्यातला निम्म्याहून जास्त खर्च निव्वळ खाण्यावर. आणि भाडं? एकूण खर्चाच्या जेमतेम पावणेआठ टक्के. म्हणजे महिन्याला चार रुपयांच्या आसपास.

पावणेआठ टक्के! आज हे वाचून कुणालाही वाटेल, काय मजेत होती ती माणसं. पण त्याच पाहणीचा दुसरा आकडा बघा: 97 टक्के कामगार कुटुंबं एका खोलीत राहत होती. त्यांना घर 'परवडलं' ते जागा कमी कमी करत नेऊन. आधी खाण्याचं बघायचं, मग गावी मनीऑर्डर, मग कापड, आणि या सगळ्यातून जे उरेल त्यात बसेल तेवढीच खोली. आपण आज उलटं करतो. आधी वन बीएचके ठरवतो, मग त्याला पगार पुरतो का ते बघतो.

आणि ती एक खोलीसुद्धा पुष्कळदा एका कुटुंबाची नसायची. पोटभाडेकरू ठेवायचे. गावाहून आलेले एकटे पुरुष एका गाळ्यात दहा-पंधरा जण राहायचे, एक पाळी कामाला गेली की दुसऱ्या पाळीची माणसं त्याच जागेवर पथारी टाकायची. कोकणातल्या कित्येक गावांनी मिळून मुंबईत खोल्या घेतल्या, त्या गावकीच्या खोल्या लालबाग-परळच्या चाळींत आजही आहेत. गिरगाव-धोबीतलावकडे गोव्याच्या लोकांचे कूड होते, बोटीवर जाणाऱ्या खलाशांचे. जेवण खानावळीत. माझी आजीसुद्धा खानावळ चालवायची, बारा माणसांची. आमच्या खोलीचं भाडं निघायचं ते या खानावळीतून, आजोबांचा पगार त्याला लागायचाच नाही. अशी किती घरं बायकांच्या चुलीवर परवडली याचा हिशोब कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये नाही.

1932-33 मध्ये लेबर ऑफिसने तीच पाहणी पुन्हा केली. कमाई थोडी घसरून 50 रुपयांच्या आसपास आली होती. महामंदीचा काळ. पण खर्चातला भाड्याचा वाटा पावणेआठवरून जवळजवळ 13 टक्क्यांवर गेला होता. अन्नधान्य स्वस्त झालं, भाडं मात्र चढलं. भाड्याचा हा गुण लक्षात ठेवा. पगार कमी झाला म्हणून ते आपोआप कमी होत नाही.

मधल्या काळात सरकारने एक मोठा प्रयोग केला होता, आणि तो याच प्रश्नावर आपटला. 1920 मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, आपलं बीडीडी. कामगारांसाठी 50 हजार खोल्या बांधायच्या असा बेत. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर लावला. वरळी, नायगाव, डिलाईल रोड (म्हणजे आताचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी, अशा चार ठिकाणी मिळून 207 इमारती उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन, प्रत्येक इमारतीत 80 खोल्या, प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची. गुणाकार केला तर 16,560 खोल्या. पन्नास हजारांचा बेत एक तृतीयांशावर थांबला.

का थांबला? कारण बांधकामाचा खर्च भरून निघेल एवढं भाडं लावलं तर ते कामगाराला झेपत नव्हतं. सरकारने सूट देऊन भाडं खाली आणलं, तरी वरळीच्या चाळी कितीतरी काळ ओस पडल्या होत्या. गिरण्यांपासून लांब, बाजार जवळ नाही, सिमेंटच्या भिंती, हवा नाही. शेवटी 1930 च्या सविनय कायदेभंगात सरकारने त्यातल्या काही चाळी तुरुंग म्हणून वापरल्या. सत्याग्रहींना तिथे कोंडलं. कामगारांसाठी बांधलेली घरं कामगारांना परवडली नाहीत, मग कैद्यांना दिली. स्वस्त घरांच्या योजनेची बातमी वाचली की मला हटकून वरळीचा तो तुरुंग आठवतो.

याच सुमारास गिरगावच्या शेजारी, गावदेवीला, थोड्या वरच्या पगाराच्या लोकांनी वेगळा रस्ता काढला. 1915 मध्ये श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. देशातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून तिचं नाव घेतलं जातं. हेच तालमकी आधी 1906 मध्ये शामराव विठ्ठल बँकेच्या स्थापनेतही पुढे होते. कल्पना साधी होती: एकट्या कारकुनाच्या पगारात घर बसत नाही, पण शंभर कारकून एकत्र आले तर जमीन मिळते, कर्ज मिळतं. फक्त, महिन्याअखेरीला हातात चार पैसे उरतील अशीच माणसं यात येऊ शकत होती. गिरणीतला बदली कामगार नाही. आज आपण 'सोसायटी' म्हणतो तो शब्द आपल्या तोंडी आला तो या चळवळीतून.

आता येऊ त्या कायद्याकडे, ज्याने मुंबईत पगार आणि घर यांचं नातंच तोडून टाकलं. पहिल्या महायुद्धात, 1918 मध्ये, भाडेवाढीला एकदा लगाम घातला होता. पण खरा परिणाम झाला 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याचा. 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडं होतं तेच 'स्टँडर्ड रेंट' धरायचं. युद्ध, फाळणी, शहरात लोटलेली माणसं, या परिस्थितीत आणलेला हा कायदा तात्पुरता होता. तो पुनःपुन्हा वाढवत पन्नास वर्षं चालला. 1997 मध्ये सुप्रीम कोर्टाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर 1999 चा नवा कायदा आला, त्यात वर्षाला 4 टक्के वाढीची सोय झाली.

पन्नास वर्षं भाडं गोठलं म्हणजे काय? माझ्या आजोबांच्या लालबागच्या खोलीचं भाडं 1980 च्या सुमाराला महिन्याला 19 रुपये होतं. पगाराच्या किती टक्के हे काढण्यातही अर्थ नाही. पण मग नवीन माणसाला खोली मिळायची कशी? 19 रुपयांत खोली सोडणार कोण? इथे पगडी आली. जुन्या भाडेकरूला रोख मोठी रक्कम द्यायची, त्यातला साधारण एक तृतीयांश वाटा मालकाला, मग मालक पावती नव्या नावावर करणार. 1947 च्या कायद्याप्रमाणे हे बेकायदा होतं आणि सगळी मुंबई ते करत होती. 1999 च्या कायद्याने ते कायदेशीर केलं. थोडक्यात, महिन्याचं भाडं चिल्लर झालं आणि दारातून आत शिरायची किंमत डोंगराएवढी. ज्याच्याकडे पावती तो सुखी, ज्याच्याकडे नाही तो डोंबिवलीला. गिरगावातल्या कितीतरी घरांत थोरल्या भावाने खोली ठेवली आणि धाकटे बोरिवली, गोरेगाव, डोंबिवलीला गेले, ते याच गणितामुळे.

मालकांची बाजूही खरी आहे. 19 रुपये भाड्यात जिना कोण दुरुस्त करणार? इमारती खचत गेल्या, मग 1969 मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळ आणलं, भाडेकरूंकडून सेस घ्यायचा आणि दुरुस्ती मंडळाने करायची. अशा सेस इमारती तेव्हा साडेएकोणीस हजारांच्या वर होत्या. 2017 मध्ये भेंडी बाजारातली हुसैनी बिल्डिंग कोसळून 33 माणसं गेली, तीसुद्धा अशीच जुनी सेस इमारत. स्वस्त भाड्याची किंमत कुणीतरी कधीतरी देतंच.

तरीही मी या कायद्याला सरसकट शिव्या घालणार नाही, आणि त्याचं कारण आहे 1982.

18 जानेवारी 1982. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. एक महिना, सहा महिने, वर्ष उलटलं. पगार शून्य. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. बायकांनी दागिने मोडले, पोरांनी शाळा सोडल्या, काही जण गावी गेले ते परतले नाहीत. पण गिरणगाव एका रात्रीत रस्त्यावर आलं नाही, कारण डोक्यावरच्या छपराची किंमत महिन्याला 15-20 रुपये होती. आजोबांचं पाच महिन्यांचं भाडं थकलं होतं, म्हणजे किती? 95 रुपये. आजीने खानावळीच्या पैशांतून भरून टाकले.

आता कल्पना करा की त्या अडीच लाख कामगारांचं होम लोन असतं. तिसरा हप्ता चुकला की बँकेची नोटीस. लालबाग आज ज्या स्वरूपात आहे तसं उरलंच नसतं. म्हणून 'मला किती परवडतं' हा प्रश्न पगाराच्या चांगल्या महिन्यात बसून सोडवायचा नाही, पगार न येणाऱ्या महिन्यात बसून सोडवायचा, असं माझं मत आहे. बँक हा प्रश्न त्या बाजूने विचारत नाही.

बँकेचा विषय निघालाच आहे. होम लोन आपल्याकडे फार जुनं नाही. 1970 च्या दशकापर्यंत पगारदार माणूस घर घ्यायचा ते निवृत्तीला, प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीच्या पैशांत. 1977 मध्ये एच. टी. पारेख यांनी, स्वतः पासष्टी ओलांडल्यावर, एचडीएफसी सुरू केली. 1978 मधलं पहिलं कर्ज 30 हजार रुपयांचं होतं, व्याज साडेदहा टक्के, घर मालाडला. तिथून सगळं उलटलं. आधी आयुष्यभर साठवून घर, आता घर घेऊन आयुष्यभर फेड. वय पंचावन्नवरून तिशीवर आलं. आणि पहिल्यांदाच पगाराच्या स्लिपवरून घराची किंमत ठरू लागली.

यातला एक खड्डा तुमच्या वयाच्या लोकांनी नुकताच पाहिलाय. मे 2022 मध्ये रेपो रेट 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहा. ज्याने 2021 मध्ये पावणेसात टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 30 लाख घेतले, त्याचा ईएमआय होता साधारण 22,800. व्याज अडीच टक्क्यांनी चढून सव्वानऊ झालं, तर 30 लाखांवर नुसतं व्याजच महिन्याला 23,125. म्हणजे जुना हप्ता व्याजालाही पुरत नाही, मुद्दल फिटायचं सोडाच. हप्ता वाढवावाच लागतो. गोठलेलं भाडं आणि फ्लोटिंग व्याज, एकाच शहराची ही दोन टोकं.

तर आता ताईचा हिशोब. पगार 80 हजार. बँक म्हणेल, निम्म्यापर्यंत हप्ता चालेल. मी 40 टक्के धरतो, तेही ताणूनच: 32 हजार. साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षं, तर एक लाखाला हप्ता 868 रुपये. म्हणजे कर्ज बसतं पावणेसदतीस लाखांच्या आसपास. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, तेव्हा घर साधारण 46 लाखांचं. खिशातून सव्वानऊ लाख, वर स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन. घर मुंबईत आणि फक्त तुझ्या नावावर घेतलंस तर बाईला एक टक्का सवलत आहे, 6 ऐवजी 5 टक्के. बांधकाम चालू असेल तर जीएसटी वेगळा.

46 लाखांत लालबागमध्ये काय मिळतं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. समजा परळला एक छोटा फ्लॅट दीड कोटीला आहे. कर्ज 75 टक्के, म्हणजे 1 कोटी साडेबारा लाख. हप्ता 97,650. तो पगाराच्या 40 टक्क्यांत बसवायचा तर हातात 2 लाख 44 हजार यायला हवेत, आणि त्याआधी साडेसदतीस लाख रोख, वर साडेसात लाख स्टॅम्प ड्युटी. मग टॉवरचा मेंटेनन्स. तो दर महिन्याला येतो आणि त्यावर कुठला कायदा लगाम घालत नाही.

दुसरा रस्ता बदलापूर-टिटवाळ्याचा. तिथे 46 लाखांत बरंच काही बसेल. पण रोजचे जाऊन येऊन चार तास हाही हप्ताच आहे, फक्त तो बँकेत भरावा लागत नाही. आणि तिसरा रस्ता, जो कॅल्क्युलेटरला दिसत नाही: आईबाबांची पगडीची खोली. सेस इमारतीचा पुनर्विकास झाला तर भाडेकरूला किमान 300 चौरस फुटांचं मालकीचं घर मिळतं, फुकट. 'झाला तर' हे दोन शब्द जाड अक्षरांत वाच. ट्रान्झिट कॅम्पमध्ये म्हातारी झालेली माणसं तुझ्याच गल्लीत सापडतील. पण पावती कुणाच्या नावावर आहे, आजोबांच्या नावावरून बदलून घेतली की नाही, हे आज रात्री बघ. बँकेत जायच्या आधी बघ. आणि तीनही रस्त्यांना एकच 1982 ची चाचणी लाव: पगार थांबला तर किती महिने निघतील? सहा महिन्यांचे हप्तेच 1 लाख 92 हजार होतात, डाळ-तांदूळ त्यात नाही. तेवढे बाजूला नसतील तर 32 हजारांचा हप्ता तुला परवडत नाही, बँक काहीही म्हणो.

आपल्या सरकारलाही हा हिशोब एका फटक्यात जमत नाही, याची दोन उदाहरणं. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी म्हाडाने घरं बांधली. 1 मार्च 2020 च्या सोडतीत बॉम्बे डाईंग, स्प्रिंग मिल आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची 3,894 घरं होती, 225 चौरस फुटांची, किंमत साडेनऊ लाख. बाजाराच्या मानाने पाण्याच्या भावात. पण सत्तरीच्या कामगाराला 20 वर्षांचं कर्ज कोण देणार? हप्ता पडला मुलाच्या किंवा सुनेच्या पगारावर, सव्वाआठ हजारांच्या आसपास. आणि अर्ज दीड लाखांच्या वर असल्यावर परवडण्याचा प्रश्न फार थोड्यांपर्यंत पोचला.

दुसरं उदाहरण पुन्हा बीडीडीचं. तिथल्या 160 फुटांच्या खोलीच्या बदल्यात भाडेकरूंना 500 फुटांचं घर मोफत मिळतंय. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या. पण त्याच चाळींत पोलिसांची सरकारी निवासस्थानंही होती. त्यांना मालकीचं घर द्यायचं ठरलं, तेव्हा किंमत किती लावायची यावर घासाघीस झाली. आधी 50 लाख, मग 25 लाख, आणि 2022 मध्ये 15 लाख. वरचाच दर लावून हप्ते काढा: 43,400, मग 21,700, मग 13,020. ते 500 फूट तेच, टॉवर तोच. शंभर वर्षांपूर्वी लेबर ऑफिसची माणसं ज्या भागांत वही घेऊन फिरली, तिथेच हे तीन आकडे बदलत गेले, आणि तेही शेवटी कॉन्स्टेबलच्या पगाराकडे बघूनच.

तुमच्या घरात ट्रंकेत, देवघराच्या खणात, जुन्या भाडेपावत्या असतील तर त्यावरचं साल आणि रक्कम आम्हाला कळवा. नाव-पत्ता नको. गिरगाव, दादर, परळ, नायगाव, कुठलीही चालेल. पुढचा भाग पगडीवर आहे, त्यात त्या वापरू.